जालन्यातील विद्यार्थी-संशोधन : दप्तर, दुष्काळ आणि ओवी

सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे राज्यभर चर्चेत आले. मराठवाड्यातील ज्या कुटुंबांकडे निजामकालीन कुणबी नोंदी असतील, त्यांना प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरविण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तहसील कार्यालयांपासून जुन्या शाळांपर्यंत सर्वत्र दप्तरांची बासने सोडली गेली. त्या बासनांतील कागद वाचायचे कोणी, हा प्रश्न लगेचच उभा राहिला. कारण त्यांतील बराच भाग मोडी लिपीत आणि उर्दूत होता. इतिहासाच्या वा भाषेच्या अभ्यासक्रमात आजवर हौसेचा विषय म्हणून शिकले जाणारे मोडीवाचन एकाएकी शासकीय निर्णयप्रक्रियेचा आधार ठरले. जाणकार मोजके आणि कागद लाखोंच्या संख्येने, अशी स्थिती होती.

सार्वजनिक धोरण, समाजकल्याण आणि कला ही विद्यापीठाच्या परिपत्रकांत वेगवेगळी खाती असली, तरी जालन्यासारख्या जिल्ह्यात ती परस्परांपासून तोडता येत नाहीत, याचे हे ठळक उदाहरण होय. या तिन्ही क्षेत्रांत येथील विद्यार्थ्यांच्या संशोधनासमोरचा मूलभूत प्रश्न एकच आहे : कोणाची नोंद आहे आणि कोणाची नाही? ज्यांची नोंद नाही, त्यांना आरक्षण, वसतिगृह, पाणी वा निवृत्तिवेतन यांपैकी काहीही मिळणे अवघड होते. या दृष्टीने विद्यार्थी-संशोधनाची चौकट, त्याची क्षेत्रे, साधने आणि उणिवा यांचा हा आढावा.

नवा जिल्हा, विखुरलेले दप्तर

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून त्याची रचना झाली. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा हे तालुके वेगळे झाले आणि तालुक्यांची संख्या आठ झाली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार इतकी होती. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला पूर्णा, मधून वाहणारी दुधना आणि जालना शहरातून जाणारी कुंडलिका अशा नद्या असूनही हा प्रदेश अवर्षणप्रवण म्हणूनच ओळखला जातो. पोलाद आणि बियाणे या दोन उद्योगांनी शहराला देशभर नाव मिळवून दिले. बियाणे क्षेत्रातील कामगिरीसाठी जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मात्र त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, म्हणजे २००२ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या राज्याच्या मानव विकास अहवालात हाच जिल्हा तळाच्या जिल्ह्यांमध्ये गणला गेला. समृद्धी आणि अभाव यांचे हे शेजारीपण हाच येथील संशोधनाचा पहिला विषय ठरावा.

जिल्ह्याची ही जडणघडण अभ्यासकाला प्रथमदर्शनी जाणवणार नाही अशी अडचण निर्माण करते. १९८१ पूर्वीचा ‘जालना जिल्हा’ कोणत्याही अहवालात सापडत नाही. त्या काळातील पाऊस, पीक, साक्षरता वा जातिनिहाय लोकसंख्या यांची आकडेवारी हवी असल्यास औरंगाबाद आणि परभणी या दोन्ही जिल्ह्यांच्या जनगणना पुस्तिकांतून तालुकानिहाय आकडे वेचून जिल्हा नव्याने जुळवावा लागतो. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्याने वरिष्ठ पातळीवरील कागदपत्रांचा मोठा साठा हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहे. म्हणजेच आपल्या गावाविषयीची माहिती मिळविण्यासाठी मंठ्याच्या विद्यार्थ्याला परभणी आणि हैदराबाद अशा दोन वाटा धुंडाळाव्या लागतात. हे कष्ट टाळून केलेले प्रबंध बहुधा १९८१ पासूनच सुरू होतात आणि जिल्ह्याच्या प्रश्नांची मुळे त्यांतून निसटतात.

संशोधनाची चौकट

जालन्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. सध्या छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ मध्ये जालन्यात सुरू झाल्याने तंत्रशास्त्रीय संशोधनाला जिल्ह्यातच स्थान मिळाले. मानव्यविद्यांचा अभ्यास मात्र मुख्यतः महाविद्यालयांतील पदव्युत्तर विभागांवर आणि विद्यापीठाच्या मुख्य परिसरावर अवलंबून आहे.

पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या संशोधनाला राज्यात निश्चित व्यासपीठ मिळाले ते ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सवामुळे. कुलपती या नात्याने राज्यपालांच्या पुढाकारातून २००६ च्या सुमारास सुरू झालेल्या या उपक्रमात मानव्यविद्या, भाषा व ललित कला यांचा एक स्वतंत्र गट ठेवण्यात आला. वाणिज्य, व्यवस्थापन व विधी, मूलभूत विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी आणि वैद्यक-औषधनिर्माण हे अन्य गट. प्रथम भित्तिपत्रकाद्वारे मांडणी आणि निवड झाल्यास परीक्षकांसमोर सादरीकरण असे त्याचे स्वरूप आहे. वर्षानुवर्षे पाठांतराची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला ‘तुझा प्रश्न काय?’ असे विचारणारे हे पहिलेच व्यासपीठ असते. ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने त्याचे मोल पारितोषिकांहून अधिक आहे, ते यामुळेच.

दुसरा बदल २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घडविला. त्याच्या अंमलबजावणीत पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग उपक्रम यांना श्रेयांक मिळाले, तर चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह सन्मान पदवीचा पर्याय आला. याच सुमारास, २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी एम.फिल. ही पदवी बंद झाली. परिणामी पूर्वी एम.फिल.च्या टप्प्यावर होणारी संशोधनाची उमेदवारी आता पदवीच्या वर्गात सुरू व्हावी, अशी अपेक्षा आहे. ती पुरी करण्यासाठी लागणारे मार्गदर्शक आणि ग्रंथालये ग्रामीण महाविद्यालयांत पुरेशी आहेत का, हा यातील कळीचा मुद्दा आहे.

आर्थिक साहाय्याच्या बाबतीत तीन संस्था महत्त्वाच्या. अनुसूचित जातींतील संशोधकांसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी २०१८ मध्ये स्थापन झालेली सारथी आणि इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्गासाठी २०१९ मध्ये स्थापन झालेली नागपूरची महाज्योती. या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीमुळे पीएच.डी.च्या वर्गात पहिल्या पिढीचे शिक्षित मोठ्या संख्येने आले. जागांची मर्यादा आणि रक्कम मिळण्यातील विलंब यांसाठी संशोधक विद्यार्थ्यांना वेळोवेळी आंदोलने करावी लागली, हेही तितकेच खरे. अधिछात्रवृत्ती रखडली, की सर्वप्रथम थांबतो तो गावोगावचा प्रवास, आणि त्याबरोबर क्षेत्रीय संशोधनही.

धोरण : ‘अनुशेष’ आणि पाणी

मराठवाड्याच्या सार्वजनिक चर्चेत ‘अनुशेष’ हा शब्द रुजला तो संशोधनातूनच. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेशी दीर्घकाळ निगडित असलेले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण विकास अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये असल्याचे दाखविले. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीहून कोणता जिल्हा किती मागे, हे मोजण्याची ती रीत होती. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. दरम्यान विजय केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरून असमतोल पाहण्याची भूमिका घेतली. जालन्याच्या विद्यार्थ्यासाठी या बदलाचा अर्थ फार व्यावहारिक आहे. जिल्ह्याच्या सरासरीत जालना शहरातील पोलाद कारखाने मंठ्याची वा जाफराबादची उणीव झाकून टाकतात. तालुका मोजला की ती उघडी पडते आणि गाव मोजले की अधिक स्पष्ट होते. गाव मोजण्याचे काम समित्या करू शकत नाहीत, त्या गावातील विद्यार्थी करू शकतो.

पाण्याचा प्रश्न या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा वाळल्या आणि शहर टँकरवर जगले. त्याच काळात घाणेवाडी जलाशयातील गाळ काढण्यासाठी नागरिक पुढे आले, ही घटना स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्याच दुष्काळात जालना तालुक्यातील कडवंची गावाचे नाव वेगळ्या कारणाने पुढे आले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली तेथे बांधबंदिस्ती व पाणलोटाची कामे झाली आणि पुढे शेततळी व द्राक्षबागा यांसाठी हे गाव ओळखले जाऊ लागले.

अशा यशोगाथांचा अभ्यास करताना विद्यार्थ्याने कौतुकाच्या पुढे जाणे आवश्यक असते. पावसाचे वाहून जाणारे पाणी साठविणे हा शेततळ्याचा मूळ हेतू. मात्र अनेक ठिकाणी विहिरीतून वा विंधन विहिरीतून उपसलेले भूजल प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात भरले जाते. तेथून त्याचे बाष्पीभवन होते आणि सर्वांच्या मालकीचे भूगर्भातील पाणी एकाच्या कुंपणात जाते, असे राज्यातील अभ्यासकांनी निदर्शनास आणून दिले आहे. एखाद्या गावात शेततळी किती, हे शासकीय यादीत मिळते. ती कशाने भरली जातात आणि शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर कोणत्या महिन्यात आटते, ही नोंद मात्र कोठेही नसते. दोन हंगाम सातत्याने विहिरींची पातळी मोजणारा पदवीचा विद्यार्थी ती तयार करू शकतो.

समाजकल्याण : गैरहजर असलेले गाव

दिवाळीच्या आगेमागे अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडेपर्यंत काम करावे लागते. या काळात पाहणीसाठी गावात गेलेल्या विद्यार्थ्याला कुलूपबंद घरे आणि म्हातारी माणसे तेवढी आढळतात. म्हणून नोव्हेंबर ते मार्च या काळात केलेले कोणतेही कुटुंब सर्वेक्षण येथे सदोष ठरते. सर्वांत गरजू कुटुंबेच त्यातून वगळली जातात. महाविद्यालयांची शिबिरे आणि प्रकल्प प्रामुख्याने हिवाळ्यात होतात, ही बाब लक्षात घेतली तर या दोषाची व्याप्ती कळून येते.

नोंद झाली की धोरण हलते, याचा पुरावा शेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ मध्ये राज्यस्तरीय समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. तोपर्यंत हा विषय कुजबुजीच्या पातळीवर होता. पुढे २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली आणि तिच्या आरंभीच्या टप्प्यात बीड व तत्कालीन अहमदनगरबरोबर जालना जिल्ह्याचाही समावेश झाला. या वसतिगृहांमुळे किती मुलींचे शिक्षण सातवी-आठवीनंतर सुरू राहिले, किती मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी फडावरच राहिल्या, हे तपासणे हा समाजकार्य वा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी अत्यंत निकडीचा विषय होय. शाळेच्या हजेरीपटातील नोव्हेंबर आणि एप्रिल या दोन महिन्यांची तुलना एवढ्या साध्या साधनानेही त्याचा आरंभ करता येतो.

जालना शहरातील पोलाद कारखान्यांत काम करणारे उत्तर भारतीय मजूर ही याची दुसरी बाजू. जिल्ह्यातील माणसे बाहेर जातात आणि बाहेरची माणसे जिल्ह्यात येतात. दोघांचीही नावे ते जेथे राबतात तेथील शिधापत्रिकेत वा मतदारयादीत बहुधा नसतात.

कला : मौखिक परंपरा हाही पुरावा

कलाविषयक संशोधन म्हणजे दुष्काळी जिल्ह्यातील चैन, असा समज शिक्षकांतही आढळतो. जिल्ह्याचा इतिहास मात्र त्याला पुष्टी देत नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांवरील दानलेखांत या नगरातील दात्यांचा उल्लेख येतो. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी शां. भा. देव व रा. श्री. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे शैलीदृष्ट्या साम्य इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या प्रसिद्ध मूर्तीशी आहे. सातवाहन काळात या भूमीचा संबंध दूरच्या व्यापाराशी होता, हे एका लहानशा कलावस्तूने दाखविले. आज मागास गणल्या जाणाऱ्या तालुक्यातील विद्यार्थ्याच्या आत्मविश्वासासाठीही हे ज्ञान मोलाचे आहे.

समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांबसमर्थ आणि अंबडचे मत्स्योदरी देवस्थान यांच्या भोवतीही यात्रा, कीर्तन, आराधी गीते, जागरण-गोंधळ यांची मोठी परंपरा आहे. मराठवाड्यातील लोकसाहित्याच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक देण्याचे कार्य डॉ. प्रभाकर मांडे यांनी केले. २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या आणि त्याच वर्षी निधन पावलेल्या मांडे यांनी लोककलावंतांच्या व भटक्या जमातींच्या जीवनाकडेही तितक्याच गांभीर्याने पाहिले. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात महाराष्ट्रभरातील गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. या ओव्यांत सासुरवास, भावाची वाट, दुष्काळ आणि डॉ. आंबेडकर यांच्याविषयी स्त्रियांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेले आहे. जनगणनेच्या रकान्यात या स्त्रियांची नोंद बहुधा ‘काम न करणारी’ अशी झालेली असते. त्यांच्या श्रमाची साक्ष द्यायला ओवीच पुढे येते.

जाते घराघरातून गेले आणि ओव्या पाठ असलेल्या स्त्रिया आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यामुळे या क्षेत्रातील संशोधन पुढील पिढीवर सोपविता येणारे नाही. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करून गायिकेचे नाव, गाव, वय, ओवी कोणाकडून शिकली आणि कोणत्या प्रसंगी गायिली जाते, एवढे टिपले तरी ती सामग्री भाषा, समाज आणि स्त्री-अभ्यास या तिन्हींना उपयोगी पडते.

साधने आणि पद्धती

जालना जिल्ह्याचा अभ्यास करणाऱ्यास पुढील साधने हाताशी असावी लागतात. पहिले, जनगणना पुस्तिका व गॅझेटिअर. निजाम राजवटीत १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेले औरंगाबादचे गॅझेटिअर आणि नंतरचे राज्य गॅझेटिअर यांत आजच्या जालन्याची माहिती आहे. दुसरे, महसुली व गाव दप्तर. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, सातबारा, जन्ममृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक अर्थात गाव नमुना १४, आणि शाळांतील प्रवेश-निर्गम नोंदवही ही त्यांतील मुख्य. हैदराबाद संस्थानातील कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळविले की इसवी सन ढोबळमानाने मिळतो. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. हा हिशेब चुकल्यास एखाद्या कुटुंबाचा पुरावा पिढ्यांनी मागेपुढे होतो.

तिसरे साधन माहितीचा अधिकार. २००५ च्या या कायद्यामुळे योजनांच्या लाभार्थी याद्या, खर्चाचे तपशील व तपासणी अहवाल कोणत्याही नागरिकाला, म्हणजे विद्यार्थ्यालाही, मागता येतात. चौथे, राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे. श्रमदानाबरोबर एकाच गावाचे दरवर्षी एकाच प्रश्नावलीने सर्वेक्षण झाले, तर दहा वर्षांत त्या गावाचा असा आलेख मिळेल, जो कोणत्याही शासकीय कार्यालयाकडे नसेल.

याबरोबर काही पथ्ये पाळावी लागतात. माहिती देणाऱ्याची संमती समजावून घेणे, आजार, कर्ज वा जात यांसारख्या बाबतीत नाव व ओळख उघड न करणे, मुकादम वा घरातील पुरुष समोर असताना मजूर स्त्रीची मुलाखत न घेणे ही त्यांतील प्राथमिक होत. आपल्याच गावात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यावर जबाबदारी अधिक असते. अहवाल सादर झाल्यावर परका संशोधक निघून जातो. गावच्या विद्यार्थ्याला तेथेच राहायचे असते.

कपाटातील प्रबंध

विद्यार्थी-संशोधनातील उणिवा सर्वश्रुत आहेत. प्रश्नावली दुसऱ्या जिल्ह्यातून उचललेली, गृहीतके आधीच ‘सिद्ध’ झालेली आणि शिफारशी सर्व प्रबंधांत सारख्याच. परंतु याहून गंभीर उणीव वेगळी आहे. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात जतन होतात. पदवी व पदव्युत्तर पातळीवरील प्रकल्पांसाठी अशी सर्वत्र लागू असलेली सोय नाही. गुण दिले गेले, की ते कपाटात आणि काही वर्षांनी रद्दीत जातात. एका विद्यार्थ्याने मोजलेल्या विहिरी पाच वर्षांनी त्याच गावात येणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक नसतात. प्रत्येक जण शून्यापासून आरंभ करतो आणि जिल्ह्याच्या पदरी साचलेले ज्ञान असे काही पडत नाही.

यावर उपाय खर्चिक नाहीत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गावनिहाय सूची ठेवावी. प्रकल्पाचा दोन पानी सारांश सोप्या मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या दप्तरी ठेवावी. ग्रामसभेत वाचन झाले, की चुकीचे आकडे तेथल्या तेथे दुरुस्त होतात. गावकऱ्यांइतका कठोर परीक्षक विद्यापीठाला मिळणार नाही.

२०२३ मध्ये जी बासने सुटली, ती कोणा अज्ञात कारकुनाने, कोतवालाने वा शिक्षकाने कर्तव्य म्हणून लिहून ठेवलेली होती. आपल्या नोंदीवर शंभर वर्षांनी कोणाचा हक्क ठरेल, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते. आज मंठ्याच्या वा भोकरदनच्या महाविद्यालयात क्षेत्रीय प्रकल्पाची वही भरणारा विद्यार्थी त्याच कामाचा वारस आहे. त्याने वहीत टिपलेली विहीर, फडावर गेलेली मुलगी आणि आजीची ओवी उद्या कोणाच्या उपयोगी पडेल, हे आज सांगता येणार नाही. नोंद मात्र अचूक व्हायला हवी आणि ती जपून ठेवली जायला हवी.